विजेची लाट साइनच का?

श्रोतेहो, नमस्कार. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर पंखा लावला की तो घूं घूं करत फिरतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्या इन्व्हर्टरचं व्होल्टेज चौकोनी असतं. एकदम वर उडी, थोडा वेळ तिथेच मुक्काम, मग एकदम खाली. वीजकेंद्राचं व्होल्टेज मात्र शून्यावरून झपाट्यानं निघतं, माथ्याशी मंदावतं, वळतं आणि तसंच उतरून उलट्या दिशेला जातं. ही साइन लाट. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात ती सेकंदाला 50 फेऱ्या पुऱ्या करते.

जनित्र गोल फिरतं म्हणून लाट साइन होते, असं सांगितलं जातं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात वेटोळं फिरवलं तर साइन लाट मिळते, हे खरं. पण खऱ्या जनित्रात क्षेत्र तसं आयतं मिळत नाही. त्यासाठी ध्रुवांना विशिष्ट आकार देतात, तारांची गुंडाळी अनेक खाचांत विभागतात, वेटोळ्याचा विस्तार थोडा आखूड ठेवतात. एवढा खटाटोप कशासाठी?

कॉइलमधलं व्होल्टेज प्रवाह किती वेगानं बदलतो यावर ठरतं. प्रवाहाची लाट त्रिकोणी असेल, तर व्होल्टेज चौकोनी होतं. प्रवाह चौकोनी असेल, तर नुसते टोकदार झटके मिळतात. साइन लाटेच्या बदलाचा वेग मात्र पुन्हा साइन लाटच असतो, फक्त पाव फेरी पुढे सरकलेली. शिवाय एकाच वारंवारतेच्या दोन साइन लाटांची बेरीजही साइनच. त्यामुळे लांबलचक वाहिन्या, मोटारी, कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे घटक) यांतून जाताना तिची उंची बदलते, वेळ मागेपुढे होते, पण आकार टिकतो. याच गुणाच्या जोरावर 1893 मध्ये विद्युत अभियंता चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या, मंडलांचं किचकट गणित साध्या बीजगणितावर आणून ठेवलं. मला यात फार मोठं सौंदर्य दिसतं.

चौकोनी लाटेत 50 हर्ट्झबरोबर 150, 250, 350 अशा लाटा दडलेल्या असतात. यांना हार्मोनिक म्हणतात. त्या उपयोगाचं काम जवळजवळ करत नाहीत, लोखंड आणि तांबं मात्र तापवतात. पंख्याची घूं घूं त्यांचीच. तीन फेजच्या, म्हणजे तीन तारांतून तीन वेगळ्या लाटा घेणाऱ्या, मोटारीत तर 250 हर्ट्झचा घटक उलट्या दिशेनं फिरणारं क्षेत्र तयार करतो, म्हणजे मोटारीला मागेच ओढतो. उलट, एकतृतीयांश फेरीच्या अंतरानं धावणाऱ्या तीन समतोल साइन लाटा मिळून जी शक्ती देतात, ती क्षणाक्षणाला सारखीच असते, म्हणून मोटार एका लयीत फिरते.

आजचा प्रश्न मात्र आपल्याच उपकरणांचा आहे. अनेक संगणक आणि साधे चार्जर लाटेच्या माथ्याजवळच प्रवाह ओढतात, त्यामुळे माथा चपटा होऊ लागतो. तिन्ही फेजचे 150 हर्ट्झचे प्रवाह न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या सामाईक तारेत, एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून संगणकांनी भरलेल्या इमारतींत न्यूट्रलची तार कधी कधी फेजच्या तारेपेक्षा जाड घालावी लागते.