डब्यावरचा आकडा आणि आतली पावडर

नमस्कार श्रोतेहो,

व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रोटीन पावडरीचा, डबा हातात घेतला की आपली नजर आधी जाते ती एका स्कूपमध्ये किती ग्रॅम प्रोटीन आहे यावर. २४ लिहिलंय ना, मग झालं! स्कूप केवढा, हे मात्र बारीक अक्षरांत असतं. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के. तेच २४ ग्रॅम ४० ग्रॅमच्या स्कूपमधून मिळत असतील, तर प्रमाण उतरतं ६० टक्क्यांवर. उरलेल्या सोळा ग्रॅमांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), कोको, असं काय काय भरलेलं असतं. हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. चीज करताना जे पिवळसर पाणी उरतं, त्यात हे व्हे असतं. ते पाणी अतिसूक्ष्म गाळण्यांमधून गाळून, गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. ही भुकटी नुसतं कॉन्सन्ट्रेट असेल, तर प्रोटीन फार तर ८० टक्क्यांच्या आसपास. आयसोलेटमध्ये, म्हणजे आणखी शुद्ध केलेल्या भुकटीत, ९० किंवा त्याहून जास्त, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नावापुरतं. ज्यांना लॅक्टोज सोसत नाही, त्यांनी आयसोलेटचे जादा पैसे जरूर मोजावेत. बाकीच्यांना चांगलं कॉन्सन्ट्रेट पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त डब्याच्या पुढे ठळक अक्षरांत 'आयसोलेट' आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं, असा प्रकार नाही ना, ते बघा. यादीत पहिला येतो तो वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक.

आता खरी गोम. हा प्रोटीनचा आकडा येतो कुठून? १८८३ साली योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने शोधलेली पद्धत आजही वापरात आहे. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा, आणि दुधाच्या पदार्थांसाठी त्याला ६.३८ ने गुणायचं. म्हणजे मोजला जातो नायट्रोजन. तो व्हेमधून आला की आणखी कशातून, हे त्या चाचणीला कळत नाही. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक. ग्लायसिन हे त्यातलं एक स्वस्त अमिनो आम्ल. एक ग्रॅम ग्लायसिन टाकलं, तर या हिशेबात ते जवळजवळ १.२ ग्रॅम प्रोटीन म्हणून दिसतं! टॉरिन आणि क्रिएटिनही याच कामाला येतात. हे पदार्थ विषारी नाहीत, पण त्यांच्यासाठी तुम्ही व्हेचे पैसे मोजता. याच पळवाटेतून २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन गेलं आणि हजारो बाळांच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

यावर उपाय आहे. डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता असेल, तर ल्युसिन शोधा. व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमागे ते अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. ग्लायसिनचा आकडा त्याच्या वर गेलेला दिसला, की डबा परत फळीवर. तक्ताच नसेल, तर कंपनीकडे मागा.

'थंड प्रक्रियेने बनवलेलं' या दाव्यावर मी फार वेळ घालवणार नाही. दूध त्याआधीच, बहुधा ७२ अंशांवर पंधरा सेकंद, पाश्चराइज झालेलं असतं. शिवाय उष्णतेने प्रोटीनच्या ज्या घड्या उलगडतात, त्या पचनातही उलगडतातच. शेकला फेस किती येतो यावरूनही दर्जा कळत नाही.

मूळ कुठलं, हा प्रश्न जास्त कामाचा. बरेच ब्रँड व्हे स्वतः बनवत नाहीत. मोठ्या दुग्धप्रक्रिया कंपन्यांकडून ते पोत्यांनी येतं. चव मिसळणं आणि डबे भरणं दुसरीकडेच होतं. म्हणून 'आयात केलेलं' एवढ्याने भागत नाही. व्हे कुणाकडचं, मिसळलं कुठे, हे विचारा. इन्फॉर्म्ड स्पोर्ट या पूरक आहारांच्या बॅच तपासणाऱ्या उपक्रमाचा शिक्का असेल, तर त्यांच्या संकेतस्थळावर बॅच नंबर टाकून खात्री करता येते, पण त्या चाचणीचा भर खेळात बंदी असलेल्या पदार्थांवर असतो, प्रोटीनच्या प्रमाणावर नाही. ते तपासायला स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तो हाती आला की आधी त्यावरचा बॅच नंबर तुमच्या डब्याशी ताडून बघा, मग प्रोटीनचा आकडा आणि शिसं, कॅडमियम या विषारी धातूंचे आकडे वाचा. कंपनीने भलत्याच बॅचचा अहवाल पाठवला, तर तुमच्या बॅचचा पुन्हा मागा, आणि तो येईपर्यंत डब्याचं सील फोडू नका.

नमस्कार.