संकासुर आपल्या बोलीत बोलतो

(दृश्य: रात्र. देवळासमोरचा मांड. एक बाकडं, मागे पडदा.)

सिंधुदुर्गातली जत्रा. पालखीची प्रदक्षिणा झाली, आता दहीकाला, म्हणजे रात्रभर चालणारं दशावताराचं नाटक. पायपेटी, मृदंग आणि झांज एकदम सुरू होतात. गणपती येऊन गेला, सरस्वती येऊन गेली. पुढे बसलेली पोरं हळूच मागे सरकायला लागतात, कारण त्यांना कळलंय, आता संकासुर येणार.

नखशिखांत काळा वेष. वेद पळवणारा हा असुर. विष्णूच्या हातून त्याचं मरण ठरलेलं आहे, हे दुधपित्या पोराशिवाय सगळ्यांना ठाऊक. पण मरायच्या आधी त्याला मांडावर भरपूर वेळ मिळतो. त्या वेळात तो भटजींना अडवतो, गावाच्या खोड्या काढतो, लोकांना हसवून हसवून बेजार करतो. संवाद लिहिलेले नसतात, ते तिथंच सुचतात. आणि हा असुर बोलतो मालवणीत. म्हणजे समोरची बाई घरी चुलीपाशी जशी बोलते, तसाच.

ज्याला परका म्हणून मारायचं, त्याच्याच तोंडात आपली घरची बोली! दशावतारात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

(दृश्य: उघडलेलं पुस्तक. खिडकीबाहेर पाऊस.)

हेच मला एका इंग्रज लेखकाकडे सापडलं. टेरी प्रॅचेट, १९४८ ते २०१५. १९८३ पासून त्यांनी एका विनोदी अद्भुत जगाच्या ४१ कादंबऱ्या लिहिल्या. ते जग थाळीसारखं सपाट, चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका कासवावर. कूर्मावतार ऐकत वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही.

त्यांची २००५ची कादंबरी ‘थड!’. तिच्यात खाणीत राबणारे खुजे आणि दगडी देहाचे ट्रोल यांचं पिढीजात वैर आहे. फार पूर्वी कूम दरीत लढाई झाली. खुजे म्हणतात, ट्रोल दबा धरून बसले होते. ट्रोल म्हणतात, खुजे. लढाईची तिथी जवळ आली की शहरात दोन्हीकडची डोकी तापतात. त्यात खुज्यांचा एक कडवा उपदेशक मरून पडतो, शेजारी ट्रोलचा सोटा. पुरावा तयार! प्रत्यक्षात त्याला मारलेलं असतं त्याच्याच माणसांनी.

तपास करणारा पोलीस अधिकारी व्हाइम्स सज्जन आहे, पण व्हॅम्पायर म्हटलं की त्याचंही मन आक्रसतं, आणि नेमकी तशीच एक जण त्याच्या हाताखाली येते. लेखक नायकालाही मोकळं सोडत नाही, म्हणून त्याच्या हसवण्यावर माझा विश्वास बसतो.

शेवटी दरीखालच्या गुहेत काय सापडतं? खुज्यांचा राजा आणि ट्रोलांचा राजा, एका पटासमोर बसलेले. दोघं तहासाठी आले होते. धुक्यात घात झाला, पुरानं सगळ्यांना खाली ओढलं, आणि मरण येईपर्यंत ते दोघं खेळत राहिले. चुनखडीच्या पाण्यानं त्यांना तसंच जपून ठेवलं. त्या पटाच्या खेळात एका बाजूला ३२ खुजे, दुसऱ्या बाजूला ८ ट्रोल. सामना पुरा करायचा तर डाव दोनदा मांडायचा, आणि दुसऱ्या वेळी बाजू बदलून.

(दृश्य: शिमगा. गुलाल, ढोल, नाचणारी पालखी.)

कूम दऱ्या आपल्याकडेही आहेत. पालखी आधी कुणाच्या दारात, पहिला नारळ कुणाचा, मानाची जागा कुणाची. मानपानाच्या या वादापायी कोकणात सणाला पोलीस उभे करावे लागतात. ज्यांची शेतं एकाच पाटाच्या पाण्यावर, ती माणसं एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

अशाच एका वाडीत मी एका आजोबांना विचारलं, पलीकडच्यांशी बिनसलं कशावरून?

“माका काय म्हायत? आज्याच्या वेळेपासून तसाच आसा.”

मग विचारलं, आजोबा, पलीकडचे लोक हे कसं सांगतात?

आजोबा गप्प झाले. पानाची चंची बाजूला ठेवली. मग पलीकडच्या कुणा म्हाताऱ्याचा आवाज काढून, त्याच्यासारखीच मान हलवत, त्यांनी त्या बाजूची सगळी गोष्ट सांगितली. कुणी काय बोललं, कुणी आधी हात उचलला, सगळं. ओटीवरची माणसं हसून लोळत होती. आजोबांना ती गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत पाठ होती.