आबांचं हॉटेल आणि गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल

मंडळी, ग्रंथालयाने मला ‘जुन्या काळचा हॉटेलवाला’ हा विषय दिला, कारण माझे वडील हॉटेलवाले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर आमचं हॉटेल होतं. आमच्या भागात हॉटेल म्हणजे चहाचं हॉटेल. मुक्कामाला माणूस पाहुण्याकडे जायचा, नाहीतर देवळात पडायचा.

आबा पहाटे साडेतीनला उठत. आधी भट्टी पेटवायची. लाकडं ओली असली की धुरानं डोळे लाल व्हायचे आणि पहिली एसटी यायच्या आत आधण उकळलं पाहिजे ही घाई. पहिल्या गाडीला निघालेल्या माणसाला चहा मिळाला नाही तर तो परत येताना शेजारच्या हॉटेलात बसतो, असं आबांचं म्हणणं होतं. मग गवळी यायचा. दुधात बोट बुडवून आबा पाणी ओळखत आणि रोज त्यावरून बाचाबाची होई. पाणी कावडीनं यायचं. आठ वाजता मिसळीचा कट तयार, दहाला भज्याचा पहिला घाणा, बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत पाच-सहा घाणे. झारा हातात धरून आबांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचे डाग पडले होते, ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

कपबश्या विसळायला तीन पोऱ्या होते. दुष्काळी गावांतून आलेली, दहा-बारा वर्षांची मुलं. रात्री बाकड्यांवर झोपायची. त्यातला एक माझ्याच वयाचा होता. मी दप्तर घेऊन शाळेला निघालो की तो हातातला कप तसाच धरून माझ्याकडे बघायचा. आबा त्यांना पोटभर जेवू घालत, दिवाळीला कपडे करत. पण शाळेत कुणालाच घातलं नाही. हे सांगितल्याशिवाय हॉटेलचं कौतुक करणं मला जमत नाही.

पैशाची एक गंमत सांगतो. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आमचा चहा एक आण्याला. आता रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा एका आण्याचे होतात सव्वासहा. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा पैसे, पण चार आण्यांना पंचवीस. म्हणजे चौघांनी आपापला चहा दिला तर गल्ल्यात चोवीस पडणार आणि एकानं चौघांचा दिला तर पंचवीस. कोण कुणाला चहा पाजतो यावर नफा-तोटा ठरायला लागला! नऊ वर्षांचा मी कोष्टक पाठ करून गल्ल्याशेजारी बसायचो आणि मोठ्या माणसांची भांडणं सोडवायचो. तो माझ्या आयुष्यातला पहिला मान.

पुढं साखर परवान्यावर आली, तेव्हा गुळाचा चहा केला. 1965 साली शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करा म्हणून सांगितलं, तेव्हा गावोगावच्या हॉटेलांनी सोमवारी संध्याकाळी चुली बंद ठेवल्या. आबांनीही ठेवली. आठवड्यात तेवढी एकच संध्याकाळ ते आमच्याबरोबर घरी जेवायचे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आलो ती सांगतो. हॉटेलच्या दाराबाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, दोन कप असायचे. कान तुटलेले. महारवाड्यातला माणूस आला की बाहेर दगडावर बसायचा, कोनाड्यातला कप स्वतः घ्यायचा, पोऱ्या वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की त्यानंच कप विसळून परत ठेवायचा. पैसे फळीवर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. संविधान 26 जानेवारी 1950 ला लागू झालं, त्याच्या पंधराव्या कलमात हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. 1955 साली अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदाही आला. आमचं हॉटेल मात्र कोनाड्यासकट तसंच चालू होतं. मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, “गिऱ्हाईक तुटंल रं.” एवढंच. त्यांना तो कप पवित्र वाटत होता असं मला कधी दिसलं नाही. त्यांना भीती होती.

आणि याच जिल्ह्यात, आबांच्या कितीतरी आधी, गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं होतं.

गंगाराम हे कोल्हापूरच्या राजवाड्यावर नोकरीला होते. महार जातीचे. मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून तिथल्या नोकरांनी त्यांना मारलं. शाहू महाराज तेव्हा गावी नव्हते. परत आल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं आणि मारणाऱ्याला त्यांनी शिक्षा केली. इथवर कुणीही न्यायी राजा करील. महाराजांनी पुढचं पाऊल टाकलं. नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर, असं गंगारामांना सांगून भांडवल दिलं. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल उभं राहिलं, नाव ‘सत्यसुधारक’.

मी हॉटेलवाल्याचा मुलगा आहे, म्हणून मला तो पहिला आठवडा डोळ्यांपुढं दिसतो. भट्टी पेटलेली, दूध तापून त्यावर साय धरलेली, कपबश्या लखलखीत आणि रस्त्यावरून माणसं तोंड फिरवून जातायत. दूध तर संध्याकाळी नासतंच. सकाळी पुन्हा पैसे मोजून घ्यावं लागतं. आमच्या आबांना जी भीती वाटायची, ती गंगारामांच्या दारात पहिल्या दिवसापासून उभी होती.

महाराजांच्या कानावर गेलं, तशी त्यांची गाडी हॉटेलसमोर थांबायला लागली. ते गंगारामांचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीत बरोबर असलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. राजानं पुढं केलेला कप नाकारायची कुणाची छाती? काही जण म्हणतील, ही सक्तीच झाली. हो, झाली. बाहेरच्या दगडावर बसवणं हीसुद्धा सक्तीच होती आणि ती शेकडो वर्षं चालली होती. महाराजांनी सोडावॉटरचं यंत्रही गंगारामांना मिळवून दिलं. यावर लोक फारसं बोलत नाहीत, मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. गोटी सोड्याच्या बाटलीत पाणी भरतात, वायू सोडतात, बाटली उलटी फिरते आणि आतल्या दाबानं गोटी तोंडाशी घट्ट बसते. चहा दिवस मावळेपर्यंत विकावा लागतो, सोडा टिकतो आणि पेट्या भरून बाहेर पाठवता येतो. ज्यानं यंत्र दिलं त्याला धंदा कळत होता.

महाराज 6 मे 1922 ला गेले. पुढं नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभारायला पुढाकार घेतला तो या चहावाल्या गंगारामांनी.

परत आमच्या गावी येतो. 1959 च्या पावसाळ्यात महारवाड्यातला एक तरुण मास्तर होऊन आला. घरच्यांनी बौद्ध धर्म घेतलेला. एका सकाळी तो सरळ आत येऊन बाकड्यावर बसला आणि म्हणाला, “एक चहा.” मी गल्ल्याशेजारी होतो. पोऱ्या आबांकडं बघत राहिला. आबांनी हातातला झारा ठेवला, मांडणीवरचा कप काढला, स्वतः चहा गाळला आणि त्याच्यापुढं ठेवला. रोजचे दोघं उठून गेले, दोघंही गावातले वजनदार. आबांचा हात कापत होता, बशीत चहा सांडला. मास्तरांनी तो बशीतला आधी पिऊन टाकला.

दोघंही नवव्या दिवशी परत आले. पहाटेच्या गाडीला स्टँडवर दुसरीकडं चहा मिळत नव्हता. आबांनी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. कोनाड्यातले कप त्याच आठवड्यात कधीतरी गेले. कुणी काढले ते मी पाहिलं नाही.

त्या वर्षाची उधारीची वही माझ्याकडं आहे. आज सोबत आणली आहे, कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवतो. त्या दोघांच्या खात्यांवर रोज चहा मांडलेला आहे आणि मध्ये ओळीनं आठ दिवस कोरे आहेत. त्याच पानाखाली आबांच्या अक्षरात नवं खातं उघडलेलं दिसेल. नावाच्या जागी फक्त ‘मास्तर’ लिहिलंय आणि पुढं सहा पैसे.