तोंडातला कर्करोग, आयोडिनची रेघ आणि सर्जनची सुरी

श्रोतेहो, नमस्कार.

गालातली गाठ काढताना सर्जन गाठीपुरतंच कापत नाहीत. डोळ्यांना दिसणाऱ्या आणि बोटाला लागणाऱ्या कडेच्या बाहेर साधारण 1 सेंटिमीटर चांगला भागही सोबत काढतात. पण तो भाग खरंच चांगला आहे का? तंबाखूची गोळी वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसते, तिचा रस मात्र तोंडभर फिरतो. गाठीभोवतालचं अस्तर वरून गुलाबी, गुळगुळीत दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी बिघडलेल्या निघतात. अमेरिकी सर्जन डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली हे मांडलं. ही लपलेली पट्टी कापण्याआधी दिसावी, म्हणून रंग लावायचा.

शस्त्रक्रियेत यासाठी वापरतात ते लुगोलचं आयोडिन. 100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम आयोडिन आणि 10 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, हे त्याचं नेहमीचं प्रमाण. नुसतं आयोडिन पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून पोटॅशियम आयोडाइड लागतं. तोंडासाठी हे द्रावण पुष्कळदा पातळ करून घेतात. निरोगी अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरपूर असतो; ते आयोडिन धरून ठेवतं आणि गडद तपकिरी होतं. बिघडलेल्या पेशींनी आपला साठा संपवलेला असतो. तो भाग फिकट राहतो.

रुग्णाला भूल दिल्यावर घशात पॅक बसवतात, म्हणजे द्रावण खाली उतरत नाही. मग ओल्या गॉजने लाळ आणि चिकट थर पुसायचा आणि जागा कोरडी करायची. इथे घाई केली की सगळं फसतं, कारण लाळेच्या थरावर आयोडिन डागांडागांनी बसतं आणि नसलेल्या कडा दिसू लागतात. खसाखसा पुसलं तर वरच्या पेशीच निघून येतात आणि चांगली जागाही फिकट दिसते. मग बोळ्याने द्रावण लावायचं, मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, जादा टिपून घ्यायचं. रंग उडायला लागतो, म्हणून फिकट भागाची कड लगेच डायथर्मीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शस्त्राने डागलेल्या, ठिपक्यांनी आखून घ्यायची. काप या ठिपक्यांच्या बाहेरून. हे सगळं पहिल्या कापाआधी, कारण रक्त पसरलं की रंग वाचता येत नाही. बाटली गडद काचेची आणि घट्ट झाकणाची हवी. आयोडिन उडून गेलेलं जुनं द्रावण सगळंच फिकट दाखवतं. आयोडिनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तो आधीच विचारून घ्यावा लागतो.

आता हा रंग कुठे चकवतो ते पाहू. हिरड्या आणि कडक टाळू यांचं अस्तर मुळातच जाड आणि कमी ग्लायकोजेनचं असतं. तिथे निरोगी जागाही नीट रंगत नाही. गालाची आतली बाजू, जिभेची कड, जिभेखालचा भाग आणि मऊ टाळू इथे रंग खरा उपयोगाचा. सुजलेली जागा, दाताचं टोक घासल्याने झालेली जखम आणि पूर्वी रेडिएशन मिळालेलं अस्तर हेही फिकट राहतात. सुपारीने तोंड आखडलेल्या, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णात अस्तर पातळ झालेलं असतं. तिथे नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये, शंका वाटेल त्या कडेचा तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासायला, पाठवावा.

टोल्युडिन ब्ल्यू हा दुसरा रंग उलट वागतो. तो पेशीतल्या डीएनए-आरएनएला चिकटतो, म्हणून बिघडलेली जागा गडद निळी होते. 1 टक्का ॲसिटिक ॲसिडने धुणं, मिनिटभराच्या आत रंग, पुन्हा ॲसिड. बायॉप्सी नेमकी कुठून घ्यावी हे ठरवायला तो बरा. पण साधा व्रणही निळा होतो आणि जिभेवरचे काटेही.

ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आयोडिन न लावलेल्या 50 रुग्णांपैकी 16 जणांच्या कापलेल्या कडेवर बिघडलेल्या पेशी सापडल्या. आयोडिन लावलेल्या 50 मध्ये असे दोनच होते. आकडे बोलके आहेत, पण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून त्यांवर फार मोठा मजला चढवू नये.

शिवाय रंग दिसतो तो फक्त वरच्या पापुद्र्यात. खाली स्नायूत घुसलेली मुळं आयोडिन दाखवत नाही, आणि पुष्कळदा कड चुकते ती नेमकी खोलीतच. तिथे एमआरआय आणि सर्जनचं बोट हेच आधार.

काढलेला तुकडा आकसतो, तोही मुख्यतः कापल्याबरोबर, फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडण्याआधी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोजलं तेव्हा हे आकसणं सरासरी पाव भागाच्या आसपास भरलं. म्हणजे तोंडातले 10 मिलिमीटर टेबलावर 8 च्याही खाली येऊ शकतात. तुकड्याला वेगवेगळ्या बाजूंना आखूड आणि लांब टाके घालून दिशा कळवतात. प्रयोगशाळेत कापलेल्या पृष्ठभागाला शाई लावतात आणि शाईपासून गाठीपर्यंतचं अंतर मोजतात. 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड मोकळी, 1 ते 5 मध्ये जवळची, 1 पेक्षा कमी असेल तर बाधित. बाधित कडेला पुन्हा शस्त्रक्रिया, किंवा रेडिएशनसोबत केमोथेरपी, याचा विचार होतो. रिपोर्ट हातात आला की अस्तराच्या कडेचा आणि खोलीच्या कडेचा आकडा वेगवेगळा लिहिलाय का ते पाहा. एकच आकडा असेल तर दुसरा मागून घ्या.