वाघाची शिकार आणि अस्वलाचं नाक

श्रोतेहो, नमस्कार.

वाघ आणि अस्वल समोरासमोर आले तर जिंकेल कोण? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि मोठी माणसंही त्यावर तावातावानं बोलतात. त्याचं उत्तर मी देणार आहे. पण त्यासाठी, जिथे हा सामना खरोखर घडतो त्या रानात आधी जायला हवं.

रशियाच्या अगदी पूर्वेला, जपानच्या समुद्रालगत सिखोते-आलिन नावाची डोंगररांग आहे. वाघ आणि तपकिरी अस्वल एकाच जंगलात नांदतात, असा मुलूख म्हणजे रशियाचा हा कोपरा आणि त्याला लागून असलेला चीनचा ईशान्य भाग. आपल्या हिमालयातही तपकिरी अस्वल आहे, पण ते राहतं वृक्षरेषेच्या वर, उघड्या उतारांवर. तिथे त्याची वाघाशी गाठ सहसा पडत नाही.

सिखोते-आलिनमधलं भांडण सुरू होतं ते पोटापासून. वाघानं रानडुक्कर किंवा मोठं हरीण मारलं, की ते संपेपर्यंत दोन-चार दिवस तो तिथेच घुटमळतो. वसंतात अस्वल गुहेतून बाहेर येतं, तेव्हा महिनोन्‌महिने त्याच्या पोटात काही गेलेलं नसतं आणि रानातही खायला फारसं काही उगवलेलं नसतं. बर्फावर वाघाच्या पावलांचा माग दिसला, की ते नाक खाली घालून त्या मागावर चालू लागतं. माग संपतो तिथे मांस असतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वाघ जेवून निघून गेलेला असेल तर उरलंसुरलं मिळतं. नसेल, तर अस्वल शिकार हिसकावूनही घेतं. अशा वेळी पिलं असलेल्या वाघिणीचं मला फार वाटतं. तिला त्याच उपाशी पिलांसाठी पुन्हा शिकारीला निघावं लागतं.

पण पारडं उलटही फिरतं. वाघ अस्वलाला मारून खातो. तो दबा धरतो, अस्वलाच्या मागून किंवा वरच्या अंगानं झेप घेतो आणि मानेच्या मणक्याचा चावा घेतो. मग पाठ, मांड्या, जांघ असा चरबीचा भाग आधी खातो. शरदात अस्वल चरबीनं लठ्ठ झालेलं असतं, वाघाला एवढं सकस अन्न एरवी क्वचितच मिळतं. मात्र तो निवड करतो. माद्या आणि कमी वयाची अस्वलं त्याच्या तावडीत सापडतात, क्वचित गुहेत झोपलेलीही. पूर्ण वाढलेल्या नर अस्वलाच्या वाटेला तो सहसा जात नाही. असं अस्वल वजनात वाघापेक्षा बरंच भारी भरतं.

आता ते उत्तर. रशियन संशोधकांनी अशा 44 झटापटींची नोंद केली आहे. त्यांत 22 वेळा अस्वल मेलं, 12 वेळा वाघ मेला आणि 10 वेळा दोघंही जिवंत राहून आपापल्या वाटेनं गेले. कोण बलवान, याचा निकाल या आकड्यांतून लावू नये असं मला वाटतं. किती मोठ्या वाघाची गाठ किती मोठ्या अस्वलाशी पडली, आधी कुणी कुणाला पाहिलं, पिलं कुणाची होती, यावर सगळं ठरतं.

आपल्या ताडोब्यातही 2018च्या फेब्रुवारीत एका पाणवठ्यावर वाघ आणि पिलू असलेली अस्वलीण यांची झुंज झाली. त्याचं चित्रीकरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते आपलं काळं अस्वल, जात वेगळी, आकारानं लहान. पण पिलासाठी ती वाघावर उलटून धावून गेली आणि जिवंत सुटली.

सिखोते-आलिनमधल्या या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक झाड आहे, कोरियन पाइन. त्याच्या शंकूंत चिलगोज्यासारख्या बिया असतात. त्या रानडुकरं खातात, अस्वलं खातात, आणि डुकरांवर वाघ जगतो. ज्या वर्षी या बिया आणि ओकची फळं पिकत नाहीत, त्या वर्षी काही अस्वलं अंगावर पुरेशी चरबी न चढल्यानं हिवाळ्यात झोपतच नाहीत. भुकेनं पिसाळलेली ही अस्वलं बर्फात भटकतात. रशियन लोक त्यांना 'शातून' म्हणतात आणि वाघाइतकेच त्यांनाही भितात.

या पाइनच्या लाकडाला मोल आहे, म्हणून त्याची बेसुमार तोड झाली. 2010मध्ये रशियानं व्यापारी तोडीवर बंदी घातली, तरी चोरटी तोड चालूच राहिली. त्यातच अलीकडे आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या साथीनं तिथली रानडुकरं मोठ्या संख्येनं मेली आणि उपाशी वाघ गावांतल्या कुत्र्यांवर येऊ लागले. 1947मध्ये शिकारबंदी झाली तेव्हा तिथे जेमतेम काही डझन वाघ उरले होते, 2015च्या गणनेत ते 500च्या वर गेले. एवढ्या कष्टानं वाढवलेल्या वाघांच्या पोटाची सोय त्या पाइनच्या रानातच करावी लागेल.

नमस्कार.