घराच्या भिंतीवरची खूण घेऊन हॉलंडला

(परदेशी अभ्यासदौरा सुरू करू इच्छिणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मी भूगोल शिकवते, सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघी-तिघं प्राध्यापक नेदरलँड्सला, म्हणजे आपण सवयीनं ज्याला हॉलंड म्हणतो तिथं, जाऊन आलो. दौरा तेरा दिवसांचा होता आणि तयारी पंधरा महिन्यांची. आज मी मुख्यतः त्या पंधरा महिन्यांबद्दल बोलणार आहे, कारण तेरा दिवसांत जे काही बरं झालं ते तिथंच ठरलेलं होतं.

सगळ्यात आधी एक आग्रह. देश ठरवून सुरुवात करू नका. बहुतेक दौऱ्यांची पहिली बैठक ‘कुठं जायचं’ यावर होते, दुसऱ्या बैठकीला ट्रॅव्हल एजंट माहितीपत्रकं घेऊन येतो आणि तिसऱ्या बैठकीत हे सगळं अभ्यासक्रमात कुठं बसवायचं याची शोधाशोध सुरू होते. मग मुलं सात शहरं बघून येतात आणि अहवालात बसच्या खिडकीतून दिसलेलं लिहितात.

आमच्याकडे प्रश्न आधी होता. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वर्गातल्या कितीतरी मुलांनी आपलं घर छपरापर्यंत पाण्यात पाहिलं. पूर ओसरल्यावर त्याची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली गेली, खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या पाण्यावरून वाद झाले, पूररेषेतल्या बांधकामांवर वाद झाले. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे मी फळ्यावर शिकवत होते. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, “मॅडम, म्हणजे आमचं घर काढायचं का?” मला उत्तर देता आलं नाही. तास संपला, प्रश्न तिथंच राहिला.

हाच प्रश्न दुसऱ्या कोणी हातात घेतला आहे का, हे शोधताना आम्ही नेदरलँड्सपाशी पोहोचलो. त्या देशाची पाव भागाहून थोडी जास्त जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यांच्या नद्यांची गोष्ट जवळची वाटली. १९९३ आणि १९९५ मध्ये ऱ्हाईन आणि मास या नद्यांना मोठे पूर आले. १९९५ ला जवळजवळ अडीच लाख लोकांना घरं सोडून जावं लागलं. त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध उंच करत राहण्यापेक्षा नदीला पसरायला जागा द्यायची. तीसहून जास्त ठिकाणी कामं झाली. कुठं बांध मागे सरकवला, कुठं जादा पात्र खणलं, आणि काही ठिकाणी माणसांची घरंही हलवली. आमच्या मागच्या बाकाला जो प्रश्न पडला होता, तोच तिथं सरकारनं, अभियंत्यांनी आणि शेतकऱ्यांनी एका टेबलाशी बसून सोडवायला घेतला होता. देश ठरला तो असा.

प्रस्ताव लिहिताना मी पहिल्या पानावर फक्त तो प्रश्न लिहिला. अभ्यासमंडळ, विद्या परिषद, व्यवस्थापन या सगळ्यातून कागद फिरायला एक सत्र जातं, त्यात नवल नाही. पण क्रेडिटचा हिशेब मात्र आधीच पक्का करा. क्षेत्रकार्याच्या तीस तासांना एक क्रेडिट धरतात. आम्ही दोन क्रेडिट घेतले, म्हणजे साठ तास. त्यातले वीस जाण्याआधी, तीस तिथं आणि दहा परत आल्यावर. हे शेवटचे दहा तास कोणी लिहीत नाही, आणि न लिहिले की ते होत नाहीत.

जाण्याआधीच्या वीस तासांतलं एक काम सांगते. प्रत्येकानं आपल्या घरी, किंवा घर पुरात नसेल तर गावातल्या शाळेत वा देवळात, २०१९ च्या पुराची खूण शोधायची, टेप लावून जमिनीपासून तिची उंची मोजायची आणि त्या रात्री घरातल्या माणसांनी काय काय उचललं ते लिहायचं. एका मुलीच्या घरात खूण सात फूट चार इंचांवर होती. रंग दिला होता तरी ओल वर येऊन पिवळसर रेघ परत उमटली होती. तिच्या आजीनं आधी दुभत्या म्हशीचं दावं सोडलं आणि मग सातबाऱ्याची पिशवी घेतली. हे त्या मुलीनं वहीत लिहिलं आणि तीच वही घेऊन ती विमानात बसली.

आता कागदपत्रांकडे येते, कारण ग्रामीण भागातल्या कॉलेजांचं घोडं इथं अडतं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही मे महिन्यात निघणार होतो, अर्ज फेब्रुवारीत केले. किमान तीस हजार युरोचा आरोग्यविमा लागतो, आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी उरलेली हवी. हे नियम कुठंही वाचायला मिळतात. वाचायला न मिळणारं असं, की आपल्या मुलांच्या वडिलांकडे इन्कमटॅक्सचं रिटर्नच नसतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, मग रिटर्न कुठून आणणार? खातं जिल्हा बँकेत किंवा गावातल्या पतसंस्थेत, तेही आजोबांच्या नावावर, आणि पासबुकात हातानं लिहिलेल्या नोंदी. आम्ही प्रत्येक घरासाठी एक पत्र तयार केलं: उत्पन्न शेतीचं आहे, उसाचं बिल कारखान्याकडून अमुक महिन्यात जमा होतं, सोबत सातबाऱ्याचा इंग्रजी अनुवाद जोडला आहे. हे पत्र लिहायला घरी जाऊन बसावं लागतं. मी आणि माझे सहकारी सर अशा प्रत्येक घरी गेलो. त्या निमित्तानं पालकांनी आम्हाला पाहिलं, आणि मुलीला एकटीनं परदेशी पाठवायचं का, हा प्रश्न बऱ्याच घरांत त्या चहाच्या कपावरच सुटला.

नावाचंही तसंच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. आधारवर वेगळा क्रम. एका मुलाच्या आडनावात आधारवर एक अक्षर जास्त होतं आणि दहावीच्या दाखल्यावर ते नव्हतं. म्हणून निवड झाली की त्याच आठवड्यात सगळ्यांचे दाखले टेबलावर मांडून एकेक अक्षर ताडून बघा. जानेवारीत सापडलेली चूक दुरुस्त होते, एप्रिलमध्ये सापडलेली एका मुलाला घरी ठेवते. आमच्या बाबतीत एकजण खरंच राहिला. आमच्याच तपासणीतून ती चूक निसटली होती. त्याचे पैसे परत केले, पण ती गोष्ट मला अजून टोचते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते. हप्त्यांच्या तारखा कॉलेजच्या सोयीनं ठेवू नका, घरात पैसा कधी येतो ते बघून ठेवा. आमच्याकडे ऊसतोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि बिलं पुढे येत राहतात, म्हणून मोठा हप्ता जानेवारीनंतर ठेवला. एजंट असंही सांगतो की अमुक विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक फुकट. ते फुकट नसतं, मुलांच्या पैशातून जातं. आम्ही नकार दिला, आमचा खर्च कॉलेजनं उचलला, आणि तसं परिपत्रकात लिहिलं. एजंटकडून तिकिटं आणि मुक्काम घ्या, वेळापत्रक घेऊ नका. आणि निवडताना नुसते गुण पाहू नका. मुलाखती आम्ही मराठीत घेतल्या. मागच्या बाकावरचा तो मुलगा टक्केवारीत मागे होता, पण यादीत पहिल्या तिघांत आला. ज्यांना पैसे जमणार नव्हते अशा दोघांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे शब्द टाकला, तोही नावं जाहीर न करता.

दौऱ्याच्या चार महिने आधी मी एकटी जाऊन जागा पाहून आले. हा खर्च व्यवस्थापनाला उधळपट्टी वाटतो. पण स्टेशनपासून वसतिगृह किती चालत आहे, गुडघा दुखणाऱ्या मुलीला बांधावर चढता येईल का, हे नकाशावर कळत नाही. त्या फेरीत मी वेळापत्रकातून निम्मी ठिकाणं काढली. मुक्काम दोनच ठेवले, डेल्फ्ट आणि नायमेखन. डेल्फ्टला पाण्याच्या शिक्षणाची आयएचई ही संस्था १९५७ पासून आहे, आणि समुद्राकडची बाजू तिथून एका दिवसात जाऊन-येऊन होते. नायमेखनला नदी आहे. पालक म्हणाले, “एवढं लांब चाललाय तर पॅरिस का नाही?” पॅरिसला गेलो असतो तर नदीचा एक अख्खा दिवस गेला असता.

खाण्याचंही सांगून ठेवते. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईनं डब्यात भरलेलं तूप आणि पेढे विमानतळावरच जातात. भाजणी, मेतकूट, चटणी चालते. स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह घ्या, संध्याकाळी पिठलं-भात होतो आणि दिवसभरात काय पाहिलं त्याची खरी चर्चा तिथंच रंगते.

सायकल आम्ही मुद्दाम ठेवली होती. आमच्या मुली गावाहून सायकलनं शाळेत आलेल्या, पण तिथं रस्त्याची उजवी बाजू, आणि बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नाही. पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. पहिला तास मैदानात सराव केला. तरी एका मुलाचा घोटा मुरगळला. तिथं थेट इस्पितळात जायची पद्धत नाही, आधी हाउसआर्ट्स म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना फोन करायचा. अगदी जिवावरचं असेल तर ११२. (हा नंबर मुलांच्या चटकन लक्षात राहिला, कारण महाराष्ट्रातही तोच आहे.) माझ्या सहकारी मॅडम दिवसभर त्याच्यासोबत राहिल्या, बाकीचे माझ्यासोबत गेले. गट कितीही लहान असला तरी दोन प्राध्यापक आणि त्यांत एक बाई, हे मी दौऱ्याची अट म्हणूनच सांगते.

आता दोन जागांविषयी. झीलंड प्रांतातल्या औवरकेर्क गावात १९५३ च्या पुराचं संग्रहालय आहे. ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र आत शिरला आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. बांधाचं शेवटचं खिंडार बुजवायला काँक्रीटच्या चार प्रचंड पेट्या पाण्यात सोडल्या होत्या. संग्रहालय त्याच पेट्यांच्या आत आहे. मुलं आत गप्प होती. सात फूट चार इंचवाली मुलगी वही उघडून एका जुन्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मी तिला काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं रोजनिशीत लिहिलं, ‘इथंही आधी जनावरं सोडली असतील.’

दुसरी जागा ओव्हरडीप पोल्डर. पोल्डर म्हणजे भोवती बांध घालून राखलेली सखल जमीन. तिथं नदीकडचा बांध मुद्दाम कमी उंचीचा केला आहे, म्हणजे मोठ्या पुरात पाणी शेतात शिरेल आणि नदीच्या वरच्या अंगाच्या शहरांवरचा ताण कमी होईल. गोठे आणि घरं मातीच्या उंच ओट्यांवर नेली. ही कल्पना तिथल्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनीच पुढे आणली. काही कुटुंबं राहिली, काहींनी मोबदला घेऊन जागा सोडली. पाणी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा हिशेब आहे. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, “मॅडम, ही तर निळी रेषा.” वर्गात जे मला जमलं नव्हतं ते त्या ओट्यावर उभं राहून त्याचं त्यालाच कळलं. प्राध्यापकानं सोबत का जायचं, त्याचं माझ्याकडचं उत्तर हा क्षण आहे. फळ्यावरची रेषा कोणत्या मुलाला कुठं अडली होती, हे गाइडला कसं ठाऊक असणार?

तिथलं सगळंच आदर्श आहे असं मुलांना वाटू देऊ नका. जुलै २०२१ मध्ये दक्षिणेकडच्या लिम्बुर्ग प्रांतात पूर आला आणि फाल्केनबुर्ख गावात घरांत पाणी शिरलं. त्याच महिन्यात आपलं चिपळूण बुडालं आणि सांगली-कोल्हापूरही. शिवाय आपली नदी चार महिन्यांच्या पावसावर चालते, वर धरणं आहेत, खाली दुसरं राज्य आहे. ही तुलना आम्ही रोज संध्याकाळी मांडायचो आणि फरकांचा रकाना कधी रिकामा ठेवू दिला नाही.

शेवटचे दहा तास आम्ही कॉलेजात घेतले नाहीत. कृष्णाकाठच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात मुलांनी नकाशे लावले आणि मराठीत मांडणी केली. साठेक माणसं आली होती, पहिल्या रांगेत सात फूट चार इंचवाल्या मुलीची आजी. ओव्हरडीपच्या ओट्यांचे फोटो दाखवून झाल्यावर एक वयस्कर शेतकरी उठले. त्यांनी विचारलं, “ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळाला, हे कळलं. पण ज्याची जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला होता, त्याचं काय झालं?” मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही ते तिथं कोणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या तुकडीच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आता तोच प्रश्न आहे, आणि प्रस्ताव सध्या अभ्यासमंडळापुढे आहे.