ज्याची रेघ त्याचं कॉमिक

श्रोतेहो, नमस्कार.

कॉमिक्स म्हटलं की आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इंद्रजाल आठवतं. १९६४ पासून १९९० पर्यंत ती मालिका निघत होती, मराठीतूनही यायची. वेताळ, मँड्रेक, बहादूर ही नावं नुसती घेतली तरी लोकांचे चेहरे खुलतात. त्यानंतरच्या पिढीला चाचा चौधरी आठवतात, आणि हल्लीची मुलं जपानी मांगा वाचतात. हे सगळं मीही आवडीनं वाचलंय. आज मात्र मी बोलणार आहे ती कॉमिक्स दुसरीच आहेत. ती कुठल्या मोठ्या कंपनीच्या पगारावर काढलेली नसतात. एखादा माणूस, फार तर दोघं-तिघं, आपल्या मनातली गोष्ट आपल्या पद्धतीनं मांडतात, आणि ती पात्रं, ती गोष्ट त्यांचीच राहते. स्वतंत्र कॉमिक्स म्हणा, अल्टरनेटिव्ह म्हणा.

मालक कोण आणि राबणारा कोण, हा प्रश्न सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कॉमिक्सच्या धंद्यातही तोच प्रश्न होता. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे त्या एका पात्रावर कंपनी मोठी झाली, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यात १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, असं एक कलमच त्यात होतं. म्हणजे मोठ्या माणसानं वाचावं असं कॉमिक्समध्ये फारसं काही उरलंच नाही.

ती कोंडी फोडली १९६८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. रॉबर्ट क्रम या चित्रकारानं 'झॅप' नावाचं कॉमिक काढलं आणि त्याचा पहिला अंक रस्त्यावर, बाबागाडीत ठेवून विकला गेला. खरं सांगायचं तर क्रमचं बरंचसं काम मला आजही सहन होत नाही, विशेषतः बायकांची त्यानं काढलेली चित्रं. पण वाट त्यानं मोकळी केली, हे मान्य करायलाच हवं. गंमत पाहा, त्याच साठीच्या दशकात आपल्या मुंबईत मराठी कवी-लेखक पदरमोड करून, सायक्लोस्टाइल करून लघुअनियतकालिकं काढत होते. बड्या मासिकांच्या संपादकांपुढे उभं राहायचंच नाही, ही जिद्द दोन्हीकडे सारखीच होती.

सोलापुरात आम्ही काही वाचक अशी पुस्तकं एकमेकांत फिरवतो. पुस्तकं महाग, म्हणून एक प्रत वर्तमानपत्राचं कव्हर घालून पाच-सहा घरं हिंडते. आवडीवरून वादही होतात.

आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचा जीव हार्वे पेकर या माणसावर. पेकर अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून होता. त्याला चित्रं काढता येत नव्हती. तो कागदावर चौकटी आखून काड्यांची माणसं काढायचा, वर संवाद लिहायचा आणि ते चित्रकारांच्या हाती द्यायचा. क्रमनंही त्याच्यासाठी चित्रं काढली. १९७६ पासून तो 'अमेरिकन स्प्लेंडर' स्वतःच्या खिशातून छापत राहिला, आणि नोकरी मात्र निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. त्यात गोष्टी कसल्या, तर दुकानात रांगेत आपल्यापुढे घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत आणि आपली चिडचिड होतेय, कामावर कुणी काय बोललं, जुन्या जॅझच्या तबकड्यांपायी पैसे कसे गेले. काका म्हणतात, "तीस वर्षं मी काउंटरच्या आत बसलो. माझ्यासारख्याची गोष्ट होऊ शकते, हे मला या कारकुनानं सांगितलं."

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते 'माऊस'बद्दल. आर्ट स्पीगलमनचं हे पुस्तक. त्याचे आईवडील पोलंडमधले ज्यू, ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. १९८० साली स्पीगलमन आणि त्याची पत्नी फ्रांस्वाज मुली यांनी 'रॉ' नावाचं मासिकवजा प्रकाशन स्वतःच सुरू केलं, आणि वडिलांची ही हकिगत त्यातून प्रकरणाप्रकरणानं येत गेली. १९९२ साली तिला खास पुलित्झर पुरस्कार मिळाला. यात ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं. उंदीर-मांजर म्हटलं की मराठी वाचकाला शि. द. फडणीसांचं १९५२ च्या 'मोहिनी'चं मुखपृष्ठ आठवेल. एकाच्या कपड्यांवर उंदरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची, आणि एकही शब्द नाही. त्यातून फडणीसांनी महाराष्ट्राला निर्मळ हसवलं. स्पीगलमननं त्याच जोडीतून साठ लाख माणसांच्या कत्तलीची गोष्ट सांगितली. दोन्ही चित्रांवर माझं सारखंच प्रेम आहे.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून 'माऊस'मधलं एक पान तुम्हाला सांगते. म्हातारे वडील घरात व्यायामाच्या सायकलवर बसलेत. सायकल जागची हलत नाही, ते पायडल मारतायत आणि मुलाला तरुणपणची हकिगत सांगतायत. दोन्ही हात हँडलवर पसरलेले. त्या दोन हातांच्या मध्ये, चौकटीच्या आत चौकट व्हावी तसा, मुलगा लहानसा दिसतो. आणि डाव्या हातावर छावणीत गोंदलेला नंबर. वडील त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, मुलगाही विचारत नाही. वाचणाऱ्याची नजर मात्र तिथं अडकते. पुढे एका चौकटीत नवरा-बायको जीव मुठीत धरून रस्त्यानं चाललेत, जायचं कुठं ते त्यांनाच माहीत नाही, आणि समोरचे रस्तेच स्वस्तिकाच्या आकारात फुटलेत. कुठल्याही वाटेनं गेलं तरी नाझींच्या खुणेवरूनच चालावं लागणार. कादंबरीकाराला याला पानभर मजकूर लागला असता. म्हणून मी नव्या वाचकांना सांगते, कॉमिक घाईनं वाचू नका. फुग्यातले शब्द वाचून झाले म्हणजे पान वाचून झालं, असं नसतं.

आमच्या गटातल्या तरुणांची पसंती 'लव्ह अँड रॉकेट्स'ला. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या हर्नांडेझ बंधूंनी १९८१ साली ते स्वतःच छापलं. आपला चिंटू १९९१ पासून तेवढाच लहान आहे आणि तो तसाच असावा. पण हाइमे हर्नांडेझची मॅगी वाचकांबरोबर वयानं वाढली. पंक संगीताच्या नादानं हुंदडणारी पोरगी आता प्रौढ बाई झालीय, अंगानं भरलीय, जुन्या मैत्रिणी दुरावल्यात. चाळीस वर्षं एकाच पात्राला असं जगू देणं कंपनीच्या पात्रांच्या नशिबी क्वचितच येतं.

घरात लहान मुलं असतील तर जेफ स्मिथचं 'बोन' आणा. १९९१ ते २००४ एवढ्या काळात ५५ अंक, तेही बहुतेक स्वतःच्या बळावर. आजी, ड्रॅगन, गाईंची शर्यत, सगळं आहे. आणि टीव्हीवरची निन्जा कासवं तुमच्या मुलांना माहीत असतीलच. त्यांचाही जन्म १९८४ साली दोन मित्रांनी उसनवारी करून छापलेल्या एका काळ्या-पांढऱ्या अंकातून झाला.

आता आपल्या मातीतलं. 'भीमायन' हे पुस्तक २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं काढलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलेले प्रसंग त्यात आहेत. लहानगा भीम घरच्या पोरांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, आणि जात कळताच बैलगाडीवाला या पोरांबरोबर गाडीत बसायला तयार होत नाही. दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची, आणि रात्री प्यायला पाणी नाही. शाळेच्या पुस्तकातून आपण हे ऐकलेलं असतं. इथं ते अंगावर येतं, आणि याचं कारण चित्रांत आहे. व्याम दांपत्यानं पात्रांना चौकोनी खोक्यांत कोंडायला नकार दिला. पानभर गोंडांच्या भिंतीवरची दिग्ना नक्षी वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. बोलण्याचे फुगे तर बघत राहावेत असे. ज्याच्या तोंडी जातीचं विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. ज्यांनी सोसलं, जे मायेनं बोलतात, त्यांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. अक्षरओळख नसलेल्या माणसानंही नुसतं पान पाहावं आणि कोण डसतोय ते ओळखावं. जगातल्या कुठल्याही नामांकित कॉमिकशेजारी मी हे पुस्तक ठेवीन, आणि वर ठेवीन.

नर्मदेच्या आंदोलनावर ओरिजित सेन यांनी १९९४ सालीच 'रिव्हर ऑफ स्टोरीज' काढलं होतं, आणि महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरही २०११ साली एक चित्रकादंबरी आली. दोन्ही मिळाली तर सोडू नका.

हे सगळं वाचताना माझ्या मनात सारखं एकच येतं. आपल्या गावाची अशी पुस्तकं कुठं आहेत? एका रस्त्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येणारं हे शहर. बंद पडलेल्या गिरण्या, पूर्व भागातली मागांची खटखट, गड्डा यात्रेची गर्दी. आपल्या चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत आणि ते असायलाच हवेत. पण त्यांना फाशी दिली त्या दिवशी, १२ जानेवारी १९३१ च्या सकाळी, सोलापुरातल्या एखाद्या चाळीत चूल पेटली होती का, हे मला कुणीतरी काढून दाखवायला हवंय. ते एखादी कंपनी करणार नाही. ते इथल्याच कुणाला तरी करावं लागेल.

त्याला फार सामान लागत नाही. वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था आणि तिचे शरद शर्मा यांनी खेडोपाडी शिकवलेली एक साधी रीत आहे. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, काळ्या पेननं गोष्ट काढायची, झेरॉक्स मारायच्या आणि जिथली गोष्ट तिथंच भिंतीवर चिकटवायच्या. चित्रकला उत्तम असायची अट नाही.

आमच्या गटात येणारी एक कॉलेजची मुलगी विडी घरकुलमध्ये, म्हणजे विडी कामगार बायांच्या वसाहतीत राहते. तिनं आधी मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस' वाचलं, इराणमधल्या एका मुलीचं बालपण. त्यात सुरुवातीलाच शाळेचा फोटो आहे आणि लेखिका म्हणते, मी अगदी डावीकडे बसलेय, म्हणून तुम्हाला दिसत नाही. ते वाचून ही पोरगी मला म्हणाली, "ताई, मी पण अशीच फोटोच्या बाहेर हाय की." मग तिनं चार चौकटी काढल्या. पहिलीत आईची मांडी, वर सूप, तेंदूपत्ता, कात्री, दोरा, चेहरा नाही. दुसरीत कारखान्यातली रांग, आणि विड्यांचे कट्टे मोजणारा एक हात. तिसरीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा ढीग आणि आईच्या तोंडी, "एवढी छाट?" चौथीत मुलगी वहीत गणित सोडवतेय आणि उदाहरणातले आंबे खोडून तिनं विड्या लिहिल्यात.

आम्ही वीस झेरॉक्स मारल्या. एक घरकुलमध्ये लावली तेव्हा बाया थांबून वाचायला लागल्या, एकीनं शेजारणीला तेलुगूत समजावलं. एक आजी बराच वेळ पाहून म्हणाल्या, कात्री अशी धरली तर पान फाटतंय, नीट काढ. तिनं ती चौकट घरी जाऊन पुन्हा काढली, आजींचा हात समोर ठेवून. आता ती दुसरं पान करतेय. त्यात एक शेजारीण मराठीत बोलते, दुसरी तेलुगूत उत्तर देते, आणि दोघींचं भांडण रंगात आलंय.

नमस्कार.